अनुदान मिळाले, ज्योत पेटली का?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या कॉलनीतले एक निवृत्त मुख्याध्यापक सकाळी फिरून येता येता माझ्याकडे आले. हातात प्लास्टिकची फाईल आणि फाईलमध्ये गच्चीवर सौर पॅनल बसवण्याची तीन कोटेशने. "साहेब, तुम्ही आयुष्यभर बँकेत असलेच कागद वाचलेत. यातला खरा कोण, तेवढं सांगा," असे म्हणून त्यांनी फाईल माझ्यापुढे सरकवली. पहिल्याने तीन किलोवॅटचा संच सुचवला होता, दुसऱ्याने पाच, तिसऱ्याने चार. एकाच घरासाठी, एकाच गच्चीसाठी! मी तिन्ही कागद दोनदा वाचले आणि विचारले, "सर, यातल्या कोणी तुमची गेल्या वर्षाची विजेची बिलं मागितली?" सर क्षणभर थांबले. "नाही बुवा. एकाने सबसिडी किती मिळेल ते सांगितलं. दुसऱ्याने टेपने गच्ची मोजली. तिसरा तर सगळं फोनवरच बोलला."

कर्ज मागायला आलेल्या माणसाचे उत्पन्न न विचारता रक्कम ठरवणारा बँक अधिकारी आणि घरातला वीजवापर न विचारता संच ठरवणारा विक्रेता यांच्यात फारसा फरक नाही. फरक इतकाच की, पहिल्याची खात्यामार्फत चौकशी होते आणि दुसऱ्याला ऑर्डर मिळते.

घरातली वीज वाचवावी, जमल्यास घरीच तयार करावी, हे आता कोणाला पटवून देण्याची गरज राहिलेली नाही. उन्हाळा दरवर्षी अंगावर येतो आणि बिल दर महिन्याला. शासन अनुदान द्यायला तयार आहे, बँका कर्ज द्यायला तयार आहेत. अडते ते अगदी साध्या ठिकाणी. काय करावे हे कोणाला विचारायचे आणि करून कोणाकडून घ्यायचे? या दोन प्रश्नांची उत्तरे आज बहुतेक घरांत एकच माणूस देतो, आणि तो विक्रेता असतो.

दिव्याचे जमले, बाकीचे का नाही?

या देशात घरगुती वीजबचतीची एक मोहीम कमालीची यशस्वी झाली. जानेवारी 2015 मध्ये 'उजाला' योजना सुरू झाली. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीने एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी केली. 2014 मध्ये जो दिवा कंपनीला सुमारे 310 रुपयांना पडत होता, तो 2016 पर्यंत 38 रुपयांवर आला. 36 कोटींहून अधिक दिवे या योजनेतून घरोघर गेले. पिवळा बल्ब बघता बघता इतिहासजमा झाला.

या यशाचे श्रेय घाऊक खरेदीला दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण आणखी एक कारण सहसा सांगितले जात नाही. दिवा बसवायला कोणी लागत नाही. स्टुलावर चढायचे, जुना काढायचा, नवा फिरवायचा. सल्ला नको, कारागीर नको, तपासणी नको. फसवणूक झालीच तर ती एका दिव्यापुरती आणि दुसऱ्या दिवशी लक्षात येणारी.

दिव्यानंतरची कामे मात्र अशी नाहीत. वातानुकूलन यंत्रावर पाच तारे असतात. ऊर्जा दक्षता ब्युरोची ही ताऱ्यांची पद्धत 2006 पासून आहे आणि जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांनाही ती सक्तीची झाली आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण तारे यंत्राला मिळतात, ते बसवण्याच्या कामाला मिळत नाहीत. पाच ताऱ्यांच्या एसीचे बाहेरचे युनिट फिटरने हवा न खेळणाऱ्या डक्टमध्ये कोंबले की आत सोडलेली गरम हवाच ते पुन्हा ओढून घेते आणि तारे कागदावर राहतात. सौर पॅनलचेही तसेच. दुपारी तीननंतर पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलवर पडली, तर त्याच साखळीत जोडलेल्या इतर पॅनलच्या उत्पादनालाही ती बाधू शकते. ही सावली कोटेशनवर दिसत नाही. ती दिसायला कोणीतरी दिवसातून दोनदा गच्चीवर जावे लागते.

एक न विचारलेला प्रश्न

हे सारे मला नवे नाही, आणि म्हणूनच ते अधिक टोचते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शाखेत शेती अधिकारी होतो. राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प 1981-82 पासून सुरू झालेला होता. केंद्राचे अनुदान, बँकेचे कर्ज आणि तालुक्याला ठरवून दिलेले उद्दिष्ट, अशी सगळी जय्यत तयारी होती. मार्चअखेर जवळ आली की गावोगाव गोबरगॅसचे खड्डे खणले जात.

एका घरी मी तपासणीला गेलो. घुमट नीट बांधलेला होता. मी मोटारसायकलवरून उतरलो, संयंत्र पाहिले, फॉर्मवर 'बांधकाम पूर्ण' असे लिहिले, सही केली आणि पुढच्या गावाला गेलो. दीड वर्षाने वसुलीसाठी त्याच घरी जाण्याचा प्रसंग आला. घुमटावर शेणी वाळत घातलेल्या होत्या. घरातल्या बाई चुलीपुढून उठून बाहेर आल्या. त्यांच्या डोळ्यांना धुराचे पाणी होते. मी गॅसचे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, दोन महिने पेटला. मग नुसता वास यायचा. आता तोबी येत न्हाई."

कारण शोधायला फार हुशारी लागली नाही. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण लागते. दावणीला दोन म्हशी होत्या. त्यांचे मिळून जेमतेम 30 किलो निघाले असते. लहान संयंत्र पुरले असते, पण मोठे बांधले की बांधणाऱ्याचा धंदा मोठा होत होता, आणि किती जनावरे आहेत हे कोणी मोजले नव्हते. मीही मोजले नव्हते. माझ्या फॉर्मवर खड्ड्याची खोली, विटांची संख्या, सिमेंटची पोती यांचे रकाने होते. 'ज्योत पेटते का?' असा रकाना नव्हता आणि नसलेला प्रश्न विचारावा असे मला सुचले नाही. त्या बाईंनी चुलीवर स्वयंपाक करत गॅसचे हप्ते फेडले. बँकेच्या दृष्टीने ते खाते उत्तम होते.

त्याच तालुक्यात वर्षानुवर्षे चाललेली संयंत्रेही मी पाहिली, हे नमूद केले पाहिजे. जिथे बांधणारा गवंडी पंचक्रोशीतला होता, तिथे काम बरे व्हायचे. घुमटाला चीर गेली तर त्याला बाजारच्या दिवशी लोक गाठायचे. लग्नाच्या पंगतीत तोंड चुकवता येत नाही, ही त्याची गॅरंटी होती आणि ती कोणत्याही छापील गॅरंटीकार्डापेक्षा जास्त चालायची. शहरात ही ओळख संपली. तिच्या जागी दुसरे काहीतरी उभे करायला हवे होते. ते आपण केले नाही.

यादीतला आणि गच्चीवरचा

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली 'पीएम सूर्य घर' योजना त्या काळापेक्षा निश्चितच सुधारलेली आहे. एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि 75,021 कोटी रुपयांची तरतूद असा तिचा आवाका आहे. पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्यासाठी 18 हजार, म्हणजे कमाल 78 हजार रुपये अनुदान. ते संच सुरू झाल्यावर थेट ग्राहकाच्या खात्यात जमा होते. विक्रेता नोंदणीकृत असावा लागतो आणि पाच वर्षे देखभालीची जबाबदारी त्याच्यावर असते. एका अर्थाने ज्योत पेटल्याची खातरजमा करूनच पैसे दिले जातात.

मग उरते काय? पहिली गोष्ट, वीज कंपनीचा माणूस येतो तो मीटर आणि जोडणी पाहायला. संच या घराला योग्य मापाचा आहे का, हे पाहणे त्याचे काम नाही. महाराष्ट्रात एक किलोवॅटमधून दिवसाला साधारण चार युनिट मिळतात. म्हणजे तीन किलोवॅटमधून महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. ज्या घराचा वापर महिन्याला दीडशे युनिट आहे, तिथे एवढा संच कशासाठी? वर्षअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांना मिळणारा भाव आपण वीज विकत घेतो त्या भावाच्या मानाने फारच कमी असतो. तिसऱ्या किलोवॅटला अनुदान 18 हजार मिळते हे खरे, पण खर्च त्याच्या दुपटीहून अधिक होतो. 'पूर्ण सबसिडी घ्या' या वाक्यात हा हिशेब येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. यादीत नाव एका कंपनीचे असते, बोलायला येतो तिचा एजंट आणि प्रत्यक्ष गच्चीवर चढतात ती तिसऱ्याच ठेकेदाराची दोन पोरे. त्यांच्या कमरेला दोर नसतो. त्यांना नगावर पैसे मिळतात, म्हणून दिवसात दोन घरे उरकायची असतात. 2015 पासून 'सूर्यमित्र' नावाने सौर कामाचे प्रशिक्षण दिले जाते. ते त्या पोरांपैकी कोणी घेतले आहे का, हे विचारणारा कोणी नसतो. वादळात सांगाडा उडाला तर पाच वर्षांची जबाबदारी नेमकी कोणाची, यावर तिघांत चर्चा होते आणि घरमालक ती ऐकतो.

मी स्वतः यातून गेलो आहे. पुण्यात आमच्या सोसायटीने काही वर्षांपूर्वी सोलर बंब बसवले. मालमत्ता करात सवलत होती, विक्रेता अदबशीर होता आणि कागदपत्रे पाहायला माझ्यासारखा माजी बँकवाला होता. आमचे पाणी बोअरचे, भरपूर क्षारांचे. विक्रेत्याने तांब्याच्या बारीक नळ्यांचे सपाट कलेक्टर बसवले. अशा पाण्याला काचेच्या नळ्यांचा प्रकार सोयीचा पडतो, कारण त्यात साठलेला क्षार साफ करता येतो. हे मला नंतर कळले. पाण्याची तपासणी त्याने केली नाही आणि आम्ही सुचवली नाही. तीन वर्षांत नळ्या तुंबल्या. आता सकाळी गीझर लागतात आणि गच्चीवर बंब उन्हात चमकतात. करसवलत मात्र सुरू होती. मी कमिटीच्या बैठकीत मुद्दा काढला, तेव्हा एक सभासद म्हणाले, "साहेब, सवलत मिळतेय ना? मग कशाला?" त्यांच्या आवाजात मला माझा जुना फॉर्म ऐकू आला.

तिसरा माणूस

बँकेच्या व्यवहारात एक शहाणपण शतकभराच्या ठेचा खाऊन आलेले आहे. घर विकणारा सांगतो त्या किमतीवर बँक कर्ज देत नाही. ती आपला मूल्यांकनकार पाठवते. मालकी हक्क स्वच्छ आहे हे विक्रेत्याच्या तोंडून ऐकत नाही, पॅनलवरच्या वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेते. बांधकाम चालू असेल तर इंजिनियरचा दाखला पाहून टप्प्याटप्प्याने पैसे सोडते. मूल्यांकनकाराला फी मिळते ती अहवालाची. घर विकले गेले काय आणि न गेले काय, त्याचे पोट त्यावर अवलंबून नसते. ही पद्धत निर्दोष नाही. अहवाल विकत घेतल्याची प्रकरणे आम्ही पाहिली आहेत. पण सल्ला देणारा आणि माल विकणारा वेगळे असावेत, हे तत्त्व तरी तिने मान्य केलेले आहे.

ऊर्जेच्या क्षेत्रात असा तिसरा माणूस नाही असेही नाही. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर परीक्षा देऊन प्रमाणित झालेले ऊर्जा लेखापरीक्षक तयार झाले. पण ते सिमेंट, पोलाद, कापड असल्या मोठ्या कारखान्यांत जातात. मुख्याध्यापकांच्या घरी येऊन पंखे मोजावेत, असा त्यांचा व्यवसाय घडलेला नाही.

केवळ नोंदणी आणि शिक्का पुरेसा होत नाही, याची उदाहरणे आपल्यापेक्षा श्रीमंत देशांत आहेत. ऑस्ट्रेलियाने मंदीवर उपाय म्हणून 2009 मध्ये घरांच्या माळ्यांवर उष्णतारोधक थर घालण्याची सरकारी योजना धडाक्यात सुरू केली. अनुदानाच्या वासाने नवशिके ठेकेदार गोळा झाले. काम करताना चार तरुण कामगार मरण पावले, काही घरांना आगी लागल्या. 2010 च्या फेब्रुवारीत योजना बंद करावी लागली आणि पुढे रॉयल कमिशन बसले. ब्रिटनमध्ये तर काम करणाऱ्यांची नोंदणी, दर्जाची मुद्रा, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था असे सगळे होते. तरीही तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये अहवाल दिला, की अलीकडच्या दोन सरकारी योजनांत ज्या घरांच्या भिंतींना बाहेरून उष्णतारोधक आवरण दिले, त्यांपैकी सुमारे 98 टक्के घरांत मोठी दुरुस्ती करण्याजोगे दोष आहेत. ठेक्यातून पोटठेके, अपुरे कौशल्य आणि दुबळी तपासणी, ही कारणमीमांसा वाचताना मला दुभाषा लागला नाही.

करता येण्याजोगे

घरमालकाच्या हातात काही गोष्टी निश्चित आहेत. पहिली म्हणजे क्रम. आधी वापर कमी करावा आणि मग निर्मितीचा विचार करावा. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला 16 युनिट वाचतात. शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गच्चीला पांढरा थर किंवा पांढरे चायना मोझॅक दिले, तर स्लॅब तापणे कमी होते; एसी घेण्यापूर्वी हा उपाय करून पाहण्यासारखा आहे. दुसरी गोष्ट, कोटेशन मागण्यापूर्वी बारा महिन्यांचा वापर एका कागदावर लिहावा. तो बिलावर छापलेलाच असतो. तो न पाहता माप सांगणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा. तिसरी गोष्ट, प्रत्यक्ष काम कोण करणार, त्याचा परवाना कोणता, हे लेखी घ्यावे आणि त्याने पूर्वी काम केलेली दोन घरे पाहावीत. तीही तीन वर्षांपूर्वीची, गेल्या महिन्यातली नव्हेत. चौथी, रकमेचा दहावा हिस्सा दोन बिले येईपर्यंत हातात ठेवावा.

पण प्रत्येक घराने एकट्याने हुशार व्हावे, ही अपेक्षा न्याय्य नाही. मुंबई ग्राहक पंचायतीने 1975 मध्ये घरटी किराणा एकत्र खरेदी करण्याची पद्धत सुरू केली. एकट्या गृहिणीला जे दुकानदाराशी जमत नव्हते, ते पाचपंचवीस कुटुंबांच्या गटाला जमले. विजेच्या बाबतीत गृहनिर्माण सोसायट्यांच्या गटांना हे का करता येऊ नये? वीज मंडळातून निवृत्त झालेले कितीतरी अभियंते प्रत्येक शहरात आहेत. दहा सोसायट्यांनी मिळून त्यांतल्या एकाला फी देऊन सल्लागार नेमावे. त्याने माल विकायचा नाही, कोणाचे कमिशन घ्यायचे नाही आणि काम झाल्यावर वर्षाने पुन्हा येऊन पाहायचे.

आणि बँकांनी? तीन किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी त्या आज विनातारण, सवलतीच्या व्याजाने कर्ज देतात. पैसा त्यांच्या हातातून विक्रेत्याकडे जातो, म्हणजे नाडीही त्यांच्याच हातात आहे. घरकर्जाप्रमाणे येथेही शेवटचा हप्ता त्रयस्थाच्या दाखल्यावर सोडावा. शासनाने अनुदानातला एक छोटा हिस्सा या त्रयस्थाच्या फीसाठी राखावा आणि कोणत्या विक्रेत्याचे किती संच दोन वर्षांनंतरही नीट चालू आहेत, हे जाहीर करावे. मीटरवर हे आकडे असतातच, फक्त ते लोकांपुढे येत नाहीत.

मुख्याध्यापकांचे पुढे काय झाले, ते सांगितले पाहिजे. आमच्याच कॉलनीत वीज मंडळातून निवृत्त झालेले एक अभियंते राहतात. सरांनी त्यांना बोलावले आणि आग्रहाने फी दिली. "फुकटच्या सल्ल्याला जबाबदारी नसते," असे सर म्हणाले. शाळामास्तराचे अर्थशास्त्र कधी कधी आमच्यापेक्षा पक्के असते. अभियंत्यांनी सकाळी आणि दुपारी गच्ची पाहिली, वीस वर्षांचा फ्रिज आणि चार पंखे बदलायला सांगितले आणि दोन किलोवॅट पुरेत असा अहवाल दिला. लेखी अटी पाहिल्यावर तिघांपैकी दोघा विक्रेत्यांनी पुन्हा फोन केला नाही. तिसरा तयार झाला. कामाला आलेल्या पोरांना अभियंत्यांनी आधी कमरेला दोर बांधायला लावला, मग पुढचे काम.

परवा सरांनी नवे बिल दाखवले. मी आकडा पाहिला, आणि का कोण जाणे, डोळ्यांना धुराचे पाणी असलेल्या त्या बाई आठवल्या. त्यांच्या खात्यात एक पैही थकली नव्हती. माझ्या अहवालात एक रकाना कमी होता, एवढेच. नव्या अहवालांत तो घालायला अजून वेळ गेलेली नाही.